लोखंड न लागलेला वाफा

प्रयोगशाळेकडून आलेला कागद दोन पानी होता. पहिलं पान आर्डिथ क्रॉलीने टपालपेटीपाशीच उभ्या उभ्या वाचलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. औषधी गुण भरपूर, नशेचा अंश जवळजवळ नाहीच, बुरशी नाही, कीड नाही. मग तिने पान उलटलं. दुसऱ्या पानावर चार धातूंची नावं होती. तीन नावांपुढे 'पास' असा शेरा होता. चौथं नाव शिशाचं, त्याच्यापुढे 'नापास'. चालेल त्याच्या जवळजवळ तिप्पट.

हा काहीतरी घोटाळा आहे, असं तिला आधी वाटलं. कोणालाही वाटलं असतं. कागद तसाच मुठीत धरून ती कोठाराकडे गेली, आतलं दुसरं दार उघडलं आणि दिव्यांच्या उजेडात वाफ्यासमोर उभी राहिली.

आठ फूट लांब, चार फूट रुंद, देवदाराच्या फळ्यांचा वाफा. नऊ वर्षांपूर्वी तो तिच्या नवऱ्याने, एल्विनने, भरला होता, आणि त्यानंतर त्यात कोणी फावडं घातलं नव्हतं. फावडंच काय, साधा चमचाही नाही. ह्या मातीला लोखंड लावायचं नाही, हा एल्विनचा नियम होता आणि त्या बाबतीत तो एखाद्या पाद्र्यापेक्षाही कडक होता. गांजाचं झाड तयार झालं की बुंधा मातीलगत कापायचा, मुळं तिथेच ठेवायची, शेजारी बोटाने खड्डा करून नवं रोप लावायचं. छाटलेली पानं पुन्हा वाफ्यावरच टाकायची. वरून पेंढा, खेकड्यांच्या कवचांचा भुगा, मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं पीठ आणि दर ऑक्टोबरला खाडीवरून गोळा केलेलं शेवाळ. बाकी सगळं गांडुळं बघून घेतात. "वरून घालत राहायचं, आतून काही काढायचं नाही," असं तो म्हणायचा आणि वर ऐटीत हसायचा.

दोन वर्षांपूर्वी एल्विन गेला. आर्डिथने वाफा तसाच चालवला. नियम तोच, खाडी तीच, शेवाळाची जागाही तीच. पेंढा बाजूला केला की मुठीएवढ्या जागेत वीस-वीस गांडुळं वळवळायची. आणि ह्या वर्षीची झाडं तर अशी आली होती की एल्विनने टोपी काढून सलाम केला असता. पानं हिरवीगार, कळ्या अंगठ्याएवढ्या जाड. एवढ्या देखण्या झाडात विष असेल, हे पटायचं तरी कसं?

पण ते होतं. आणि त्या कळ्यांचं तेल टेस पेल्टियर रोज सकाळ-संध्याकाळ जिभेखाली घेत होती. टेस सात वर्षांची.

टेसला आकड्या यायच्या. पूर्वी दिवसाला दहा-बारा. तिची आई जनीन तिला मांडीवर आडवी घेऊन घड्याळाकडे बघत बसायची, हे आर्डिथने स्वतः पाहिलं होतं. डॉक्टरांच्या औषधांनी पोर नुसती गुंगीत राहायची. मग एल्विनने ह्या वाफ्यातल्या झाडाचं तेल काढून दिलं, कागदोपत्री, राज्याचा परवाना आणि डॉक्टरची सही घेऊन. तेव्हापासून आठवड्याला एखादी आकडी, कधी तीही नाही. टेस शाळेत जायला लागली. जनीनने त्या दिवशी एल्विनच्या गळ्यात पडून रडून त्याचा शर्ट भिजवला होता.

अमेरिकेतल्या ह्या मेन राज्यात आजाऱ्यांसाठी पिकवणाऱ्यांना तपासणीची सक्ती नाही. हा कागद आला तो टेसच्या नव्या डॉक्टरने एका थेंबात किती औषध आहे ते लिहून मागितलं म्हणून. प्रयोगशाळेने धातू आपणहून तपासले होते, आणि कागद आर्डिथशिवाय कोणाकडे गेला नव्हता.

मंगळवारी दुपारी जनीन टेसला घेऊन आली. सार्डिन मासळीच्या जुन्या कारखान्यामागच्या छोट्या घरात त्या दोघी राहत. जनीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, अंगाला नेहमी कांद्याचा वास, आणि बोलणं सरळ.

"आला का हो कागद? डॉक्टर दोनदा विचारून झाले," ती दारातूनच म्हणाली.

"आला ना." आर्डिथने पहिलं पान पुढे केलं. ते तिने सकाळीच पिन काढून वेगळं करून ठेवलं होतं. "हे बघ. वर्गात पहिला नंबर."

जनीन वाचताना हसली. मग पानाचा खालचा कोपरा दाखवून म्हणाली, "दोनपैकी एक लिहिलंय. दुसरं कुठंय?"

"त्यावर काही नाही गं. त्यांचा पत्ता, फोन, असलं."

इतकं सहज निघालं तोंडातून की आर्डिथला स्वतःचीच भीती वाटली. चाळीस वर्षं चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेली बाई, आणि खोटं असं बोलली की जणू रोजचाच सराव आहे.

तेवढ्यात टेस आतल्या दारातून वाफ्याकडे पळाली. आली की आधी गांडुळं बघायची, हा तिचा शिरस्ता होता. बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात पेंढ्याखाली घालायचे आणि गांडुळांना एकेक नाव द्यायचं.

"हात लावू नकोस!" आर्डिथ ओरडली.

टेस जागच्या जागी थबकली. जनीनने मान वर केली. ह्या घरात त्या पोरीवर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता.

"ती... ती अंडी घालतायत सध्या," आर्डिथ म्हणाली. "त्रास नको त्यांना."

"गांडुळं?" जनीनने विचारलं.

"हो."

नवी बाटली शुक्रवारी मिळेल, तोवर जुनी पुरव, असं आर्डिथने सांगितलं. जुन्या बाटलीत तेच तेल होतं. हे तिला माहीत होतं आणि तरीही तिने सांगितलं. अचानक तेल थांबवलं तर आकड्या परत येतील, जास्त जोरात येतील, हे खरंच होतं. पण खऱ्या कारणाच्या आड लपून आपण खोटं बोलतोय, हेही तिला पुरतं ठाऊक होतं.

बुधवारचा दिवस तिने कवचांचा भुगा विकणाऱ्याला शिव्या घालण्यात घालवला. फोन केला, तावातावाने बोलली. तो बिचारा म्हणाला, पाठवतो की माझ्या मालाचे कागद. संध्याकाळी आलेही. त्याचा भुगा साफ होता. म्हणजे दोष तिच्याच दारात कुठेतरी होता.

गुरुवारी सकाळी ती थर्मन ग्रांटकडे गेली. जायचं जिवावर आलं होतं. थर्मनही गांजाच पिकवायचा, पण पांढऱ्या बादल्यांमध्ये, मातीशिवाय, पाण्यात क्षार कालवून. एल्विन त्याच्या झाडांना 'सलाईनवरचे पेशंट' म्हणायचा, तेही गावजेवणात, सगळ्यांसमोर. आर्डिथ तेव्हा टेबल बडवून हसली होती. पुढे दोघांचं बोलणंच बंद झालं. एल्विनच्या अंत्यविधीला थर्मन शेवटच्या बाकावर बसला आणि शवपेटी उचलायच्या आत निघून गेला.

"अरे वा," तो दारात उभा राहून म्हणाला. "मातीची महाराणी आमच्या दवाखान्यात? काय गं आर्डिथ, वाट चुकलीस की काय?"

"टोमणे मार, मी ऐकून घेते. पण आधी आत घे."

"घेतो की. पण बुटांना माती असेल तर बाहेर काढ हां. माझे पेशंट नाजूक असतात."

आत बादल्यांच्या रांगा होत्या आणि इतकं स्वच्छ की खरोखरच इस्पितळाचा वास येत होता. आर्डिथने आडवळण घेतलं नाही. सात वर्षांपूर्वी एल्विनने थर्मनला पैजेवर एक फांदी दिली होती. टेसला जिचं तेल चालायचं त्याच झाडाची. एल्विनने त्या जातीला नाव ठेवलं होतं 'थांबलं पाणी'. भरती संपते आणि ओहोटी लागत नाही, तेव्हा खाडी घटकाभर निश्चल होते ना, त्यावरून. बादलीत सहा महिने जगवून दाखव, अशी पैज होती.

"जगली का ती?" तिने विचारलं.

थर्मनने कोपऱ्यातल्या एका बादलीकडे बोट केलं. तेच झाड. पानांची ठेवण तीच, कळीला लिंबाच्या सालीचा तोच वास. "सात वर्षं झाली," तो म्हणाला. "पैज मी जिंकलो होतो. सांगायला आलो, तर तुझ्या नवऱ्याने दार उघडलं नाही."

"मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत नसलेलं बरंच आहे. पण आज काय झालं ते बोल. तू उगाच येणार नाहीस."

तिने दुसरं पान त्याच्या हातात दिलं. थर्मन थट्टेखोर माणूस, पण वाचताना त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. तो खालच्या खोक्यावर बसला.

"पेल्टियरच्या पोरीला हेच जातंय?"

"हो."

"तिच्या आईला सांगितलंस?"

आर्डिथने कोपऱ्यातल्या झाडाकडे नजर वळवली.

"माझा माल दुकानात जातो, दर तोडणीला तपासून," थर्मन म्हणाला. "साफ आहे, कागद दाखवतो. पोरीला पुरेल एवढं वाळवलेलं आजच घेऊन जा. फुकट. पण बाटलीवर पिकवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, तो नियम तुलाही आहे. तिथे माझं नाव लिहायचं. थर्मन ग्रांट, स्पष्ट अक्षरात."

"म्हणजे जनीन विचारणारच."

"विचारू दे ना."

आर्डिथला त्याचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की राग यायला काही कारण नाही. तिने ठरवलं होतं ते एवढंच की कळ्या घ्यायच्या, तेल काढायचं, जुन्याच बाटलीत भरायचं आणि हळूच वाफा बदलून टाकायचा. कोणाला काही कळलं नसतं. टेस बरी राहिली असती. एल्विनचं नाव चांगलं राहिलं असतं. आणि खरं सांगायचं तर एल्विनपेक्षा तिला स्वतःच्या नावाची जास्त काळजी होती.

कळ्यांची पिशवी घेऊन ती घरी गेली नाही. थेट जनीनकडे गेली.

स्वयंपाकघरात टेस तिच्या ठेंगण्या निळ्या स्टुलावर बसून चित्र काढत होती. बसल्या बसल्या डाव्या हाताच्या नखाने स्टुलाची कड खरवडण्याची तिला सवय होती. आर्डिथने दुसरं पान टेबलावर ठेवलं.

"यावर नुसता पत्ता नाहीये," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

जनीनने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग टेसला म्हणाली, "बाहेर जाऊन मांजराला खायला घाल जा." दार लागेपर्यंत ती थांबली.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"मी मंगळवारी तुमच्या दारात होते." जनीनचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटत होतं. "मंगळवारची संध्याकाळ. काल दोनदा. आज सकाळी. चार वेळा, आर्डिथ. माझ्या हाताने पाजलं मी तिला, चार वेळा. तुम्ही सांगितलंत जुनी पुरव म्हणून."

"आकड्या परत आल्या असत्या..."

"ते मी ठरवलं असतं ना! डॉक्टरला विचारून ठरवलं असतं! आई मी आहे तिची." तिने टेबलावर हात आपटला. "तिला वाफ्यात हात घालू दिला नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी स्वतःलाच दटावलं. म्हटलं, आर्डिथ आहे ती. आर्डिथवर संशय घेतेस?"

आर्डिथने पिशवी पुढे सरकवली, थर्मनचे कागद ठेवले, सगळं समजावून सांगितलं. जनीनने पिशवी घेतली. "तेल थर्मनच काढेल. तुम्ही नको," ती म्हणाली. आणि आर्डिथ उठली तेव्हा दारापर्यंतही आली नाही.

आठवड्याने जनीनचा फोनवर निरोप आला, दोन ओळींचा. टेसच्या रक्तात शिसं सापडलं आहे. फार नाही, पण असायला नको इतकं आहे, आणि डॉक्टर म्हणतात की नुसत्या तेलाने एवढं होईल असं वाटत नाही, घरात आणखी कुठे आहे का ते शोधा. वर 'आर्डिथ' नाही, खाली 'तुमची' नाही, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिथने फावडं आत नेलं.

तिने पहिला घाव घातला. फावड्याने मुळांची जाळी तुटल्याचा बारीक आवाज आला आणि तिला रडू कोसळलं. रडत रडतच ती खणत राहिली. वरचा थर काळा, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारखा वास. गांडुळं घाईघाईने खाली पळत होती. नऊ वर्षांच्या मुळांवर मुळं, एकेका झाडाचा खुंट तिला आठवत होता. ही माती रानातही टाकता येत नव्हती. थर्मनने झाकणाची सहा पिंपं दारात आणून ठेवली होती, त्यात ती भरत गेली.

वीतभर खाली शेवाळाचे जुने, वाळलेले देठ लागले. त्यांच्यात काहीतरी चमकलं. तिने बोटाने माती पुसली. निळा पोपडा, नखाएवढा. मग आणखी एक. मग मूठभर.

तो निळा रंग तिला ओळखायला दिव्याची गरज नव्हती. एल्विनच्या बोटीचा तो रंग. बोटीचं नाव 'आर्डिथ सी.' दर एप्रिलला ती दोघं बोट खाडीच्या उतारावर ओढून घ्यायची आणि जुना रंग खरवडायची, एल्विन एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. पोपडे खालच्या खडकांवर पडायचे, शेवाळात अडकायचे. आणि ऑक्टोबरमध्ये त्याच खडकांवरून, घरापासून जवळ म्हणून, ती दोघं शेवाळ गोळा करायची. वरून घालत राहायचं, आतून काही काढायचं नाही. तिने कवचवाल्याला फोनवर काय काय सुनावलं होतं ते तिला आठवलं आणि कानशिलं तापली.

रंग एल्विनच्या वडिलांच्या वेळचा होता, रंगात सर्रास शिसं घालत तेव्हाचा. शेडमध्ये जुन्या डब्यांची रास होती. असला निळा आता मिळत नाही, म्हणून एल्विन ते डबे जपून जपून वापरायचा. शेवटच्या डब्याच्या तळाशी थोडा उरला होता, तेव्हा वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने...

आर्डिथने फावडं टाकलं. हात न धुता गाडीत बसली.

जनीनने दार उघडलं आणि समोर आर्डिथला बघून ते तसंच अर्धं धरून ठेवलं. "काय आहे?"

"स्टूल," आर्डिथ धापा टाकत म्हणाली. "तिचं निळं स्टूल. एल्विनने बोटीच्या रंगाने रंगवलं होतं ते. शिसं त्या रंगात आहे. वाफ्यात तोच रंग सापडला मला, आत्ता, अर्ध्या तासापूर्वी."

जनीन वळली. टेस स्टुलावरच बसली होती. डाव्या बाजूची कड खरवडून खरवडून पांढरी पडली होती, आतलं लाकूड दिसत होतं, बोटभर रुंद. जनीनने पोरीला काखेत उचललं. आर्डिथ आत गेली, स्टूल उचलून तिने अंगाशी धरलं. तळाशी एल्विनच्या वाकड्या अक्षरात 'टेससाठी' असं लिहिलेलं होतं.

"आर्डी, माझं स्टूल कुठे नेतेस?" टेस आईच्या खांद्यावरून ओरडली.

आर्डिथच्या तोंडावर आलं होतं की दुरुस्तीला नेते. तिने ते गिळलं.

"ह्याच्या रंगात विष आहे बाळा. मी आणि एल्विनने आणलं ते. बोटीतून तुझ्यापर्यंत."

"एल्विनला माहीत होतं?"

"नाही गं. त्याला तुझं फार कौतुक होतं."

टेसने विचार केला. "आणि तुला?"

"स्टुलाचं मला आत्ता कळलं."

"आणि तू लगेच आलीस?"

"हो," आर्डिथ म्हणाली. "ह्या वेळी लगेच आले."

जनीनने नळ सोडला, टेसला ओट्यावर बसवलं, आणि तिचं एकेक नख साबणाने घासायला सुरुवात केली.